नाकात लाल मांस वाढलंय, रिपोर्टला 'रायनोस्पोरिडिओसिस' आलंय, कोणाच्या घरात कोणाला झालंय का?

वैनगंगेकडचा

नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत आहे, घर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला. लहान भाऊ गावीच असतो, वय २४. त्याची उजवी नाकपुडी कधीची बंद बंद, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो आणि शिंकरलं की रक्त. आधी वाटलं उन्हाने घोळणा फुटतोय, आईने डोक्यावर गार पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेवढ्यापुरतं थांबायचं. मग तालुक्याला एका खाजगी डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला पॉलीप आहे आणि खुर्चीत बसवूनच चिमट्याने ओढून काढला, पुढे तपासायला वगैरे काही पाठवलं नाही, हातात कागद पण दिला नाही. काही महिने बरे गेले आणि आता परत आलंय, आधीपेक्षा मोठं.

दिवाळीला गेलो तेव्हा मोबाईलची टॉर्च मारून मी स्वतः बघितलं. लालभडक, तुतीसारखं दाणेदार, आणि त्याच्यावर बारीक पिवळट-पांढरे ठिपके. कापसाची वात नुसती लागली तरी रक्त येतं.

आता मेडिकल कॉलेजला नेलं, तिथे तुकडा तपासला तर रिपोर्टमध्ये हे जड नाव आलंय. तिथे कोणाच्या तरी तोंडून वडलांनी 'फंगस' शब्द ऐकला आणि घरी रडारड सुरू झाली, कारण २०२१ ला दुसऱ्या लाटेत आमच्या मामाला ब्लॅक फंगस झाला होता आणि त्याचा डोळा काढावा लागला, तो गेला नाही पण घरात सगळ्यांनी ते बघितलंय. आता आईला वाटतंय ह्याचं पण तेच होणार. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. तिथे गर्दी एवढी असते की वडलांना काही विचारायचं सुचत नाही, आणि मी इकडे.

तर माझे प्रश्न असे की हे ब्लॅक फंगसच आहे का वेगळं, कॅन्सर होतो का याचा, घरात लहान पोरं आहेत त्यांना लागेल का, एकदा काढलेलं परत आलं तर ऑपरेशन करून उपयोग काय, आणि डॉक्टरांनी विचारलं तलावात आंघोळ करता का, तर अख्खं गाव करतं मग ह्यालाच का झालं?

ईएनटी_काका

आधी आईंना फोन करा आणि सांगा की हे ब्लॅक फंगस नाही. दोन्ही आजार नाकात होतात एवढंच साम्य. म्युकर म्हणजे ब्लॅक फंगस रक्तवाहिन्यांत घुसतो, दिवसा-दिवसात हाड खात पुढे जातो, शुगर वाढलेल्या किंवा स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला पकडतो. तुमच्या भावाचं महिनोन् महिने हळूहळू वाढतंय, तरणाताठा मुलगा आहे, ताप नाही, तोंड सुजलेलं नाही. तो वेगळा आजार, हा वेगळा. म्युकरची ती महागडी इंजेक्शनं पण याला लागत नाहीत. कॅन्सरही नाही. क्वचित हा आजार त्वचेवर किंवा शरीरात आणखी कुठे पसरतो पण ते फार दुर्मिळ, नाकात एक गाठ असलेला पेशंट नीट काढल्यावर धडधाकट राहतो.

मी नागपूर आणि नंतर रायपूरकडे बरीच वर्षं काम केलंय. पुण्या-मुंबईच्या कित्येक डॉक्टरांनी हा आजार फक्त पुस्तकात बघितलेला असतो, तिकडे मात्र ओपीडीत येतोच. छत्तीसगड, तुमचा गोंदिया-भंडारा-चंद्रपूरचा पट्टा, बंगालमधलं पुरुलिया, तमिळनाडूतलं मदुराई-शिवगंगा, केरळ, आणि समुद्रापलीकडे श्रीलंका. जगातले बहुतेक पेशंट भारत आणि श्रीलंका या दोन देशांतले. तलाव आणि डबकी जिथे जास्त, तिथे हा.

परत का आलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. साधा पॉलीप फिका असतो, द्राक्षासारखा गुळगुळीत, त्याला हात लावला तर रक्त येत नाही. तुमच्या भावाचा लाल, दाणेदार आणि रक्ताळ आहे, तो पॉलीप म्हणून चिमट्याने ओढायचा नसतोच. ते जे पांढरे ठिपके तुम्हाला दिसले त्या या जंतूच्या बिया भरलेल्या पिशव्या आहेत, एकेका पिशवीत हजारो. ओढलं की पिशव्या फुटतात आणि बिया आजूबाजूच्या त्वचेवर सांडतात, शिवाय मूळ तसंच आत राहतं. म्हणून ऑपरेशन म्हणजे दुर्बिणीतून बघत गाठ मुळापासून सोडवायची, आजूबाजूची थोडी चांगली त्वचाही घ्यायची आणि जिथे ती चिकटली होती ती जागा कॉटरीने जाळायची. मुळापासून काढून ती जागा जाळणं हाच खरा उपचार. हे केलं तरी काही जणांना परत येतं, ते आधी सांगून ठेवतो, पण ओढून काढण्याच्या मानाने फार कमी.

आणि जो तुकडा निघेल तो प्रत्येक वेळी तपासायला गेलाच पाहिजे. तालुक्याच्या त्या माणसाने पाठवला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. वयात आलेल्या मुलांमध्ये नाकामागे रक्तवाहिन्यांची एक गाठ येते, तिला असा चिमटा लावला तर पेशंट टेबलावरच रक्ताने न्हाऊन निघतो. स्कॅन न करता लालभडक गाठीला हात घालणं हे धाडस नाही, निव्वळ हलगर्जीपणा आहे.

सुगंधा_नाशिक

आमच्या शेजारच्या काकूंना नाकात मांस वाढलं होतं, त्यांनी रोज सकाळी नाकात तेलाचे थेंब आणि तुरटीच्या पाण्याने नाक धुवून पूर्ण बरं केलं, ऑपरेशनची गरजच पडली नाही. एकदा करून बघायला काय हरकत आहे, साइड इफेक्ट तर काही नाही ना.

ईएनटी_काका

सुगंधाताई, काकूंचं काय होतं हे तपासल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, बहुतेक अ‍ॅलर्जीने आतलं मांस सुजलं असेल, ते कशानेही ओसरतं. इथे तुकडा काढून रिपोर्ट आलेला आहे. तुरटीने रक्त थोडं थांबेल, गाठ तशीच वाढत राहील. आणि साइड इफेक्ट नाही कसा, महिनेच्या महिने त्यात गेले की जी गाठ नाकात होती ती मागून घशात उतरू शकते. मी ऑपरेशन केलेल्या एका पेशंटच्या पडजिभेमागे अशी गाठ लोंबत होती, घास गिळताना अडकायची, आणि तो घरी वर्षभर नाकात तूप सोडत होता.

तळ्याकाठचा_माणूस

भाऊ, घाबरू नोको. मले बी हेच झालं होतं. मी नागभीड तालुक्यातला, चंद्रपूर जिल्हा. आमच्या गावात बोडी आहे, लहानपणापासून त्यातच आंघोळ, त्यातच म्हशी धुणं, त्यातच पोहणं.

माझं डाव्या नाकात होतं. ऑपरेशन पूर्ण बेहोश करूनच केलं, काही कळलं नाही. खरा त्रास नंतर. नाकात कापडाच्या लांब पट्टीचा बोळा कोंबून ठेवला होता, तोंडाने श्वास, घसा कोरडा पडून राहिला, झोप नाही, डोळ्यातून पाणी. दुसऱ्या दिवशी सिस्टर आली आणि तिने ती पट्टी ओढायला सुरुवात केली तर भाऊ ती संपेचना, मले वाटलं मेंदू बाहेर येऊन राहिला काय. पण निघाली आन जो श्वास आला नाकातून, तसा श्वास किती दिवसांनी घेतला होता. भावाले सांगजो की त्या दिवशी आधी दुखण्याची गोळी मागून घे, नाई तर देत नाईत कोणी. आणि पंधरा दिवस जोरात शिंकरायचं नाई, वजन उचलायचं नाई, गरम गरम तिखट नाई. नाकात खारं पाणी टाकून खपल्या काढत राहायच्या.

मग सुरू झाली गोळी. डॅप्सोन. रोज एक. आता ही गोळी कुष्ठरोगाची, आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिथं वरोऱ्याचं आनंदवन आहे, तिथं लहान पोराले बी हे माहीत. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहिली आन हळूच विचारलं, घरी कोणाले आहे? आठ दिवसात गावात बोंब. बायकोच्या माहेराहून फोन. मी रिपोर्टची झेरॉक्स घेऊन फिरलो भाऊ, कोणाकोणाले समजावू. तुमच्या भावाचं लग्न व्हायचं असेल तर ही गोष्ट आधीच घरात बोलून ठेवा.

माझं परत आलं नाई अजून. दुर्बिणीनं चेकिंगले जातो.

वैनगंगेकडचा

काका, भाऊ, दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं, रात्री जेवली ती. लग्नाचं खरंच डोक्यात नव्हतं आलं, स्थळं बघणं चालूच आहे.

ती डॅप्सोन आमच्याकडे पण लिहून दिली आहे, ऑपरेशननंतर सुरू करायची म्हणाले. ती घ्यावीच लागते का? वर्षभर म्हणतात. आणि आमच्याकडे सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) पण आहे घरात, बहिणीला आहे, भावाची टेस्ट कधी केलेली नाही.

ईएनटी_काका

सिकलसेलचं लिहिलंत ते फार बरं झालं. उद्याच्या उद्या टेस्ट करा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतः सांगा की बहिणीला आहे. पूर्व विदर्भात ऑपरेशनच्या आधी हे विचारायलाच हवं, पण गर्दीत राहून जातं. सिकलचा पेशंट असेल तर भुलेच्या वेळी ऑक्सिजन, पाणी, रक्त सगळ्याची तयारी वेगळी असते.

डॅप्सोनबद्दल. ही गोळी गाठ विरघळवत नाही, म्हणून ऑपरेशनच्या ऐवजी ती चालत नाही. ऑपरेशननंतर ज्या बिया राहिल्या असतील त्यांची वाढ ती अडवते असा अनुभव आहे. सहसा रोज १०० मिलिग्रॅम, कित्येक महिने ते वर्षभर. सगळे डॉक्टर सगळ्यांना देत नाहीत. पहिल्यांदाच आलेली, छोट्या देठाची गाठ असेल आणि मूळ नीट जाळलं असेल तर मी नुसतं लक्ष ठेवायचो. पण तुमच्या भावाला एकदा परत आलेलं आहे, तर देण्यामागचं कारण मला पटतं.

मात्र सुरू करायच्या आधी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ताची टेस्ट मागा. तो घटक शरीरात कमी असेल तर डॅप्सोनने लाल पेशी फुटतात, एचबी धडाधड उतरतं. तुमच्या भागात ही कमतरता असलेले लोक आहेत आणि बऱ्याच जणांना स्वतःला ते माहीतच नसतं. सिकल निघाला तर डॅप्सोनचा विचारच वेगळ्या पद्धतीने करावा लागेल, ते त्यांच्याशी बोला. सुरू केल्यावर एचबी अधूनमधून बघायचं. ओठ-नखं निळसर दिसली, लघवी चहाच्या रंगाची झाली, धाप लागली, किंवा सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांत ताप येऊन अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद करून सरळ दवाखाना गाठायचा, सोमवारच्या ओपीडीची वाट बघत बसायचं नाही.

मायक्रोस्कोपवाली

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, या जंतूवर माझा जीव आहे त्यामुळे थोडं लांबेल.

घरी जो 'फंगस' शब्द ऐकला तो अगदीच कोणाच्या मनचा नाही, पाऊणशे वर्षं पुस्तकात तेच लिहिलेलं होतं. गिलेर्मो सीबर नावाच्या अर्जेंटिनातल्या विद्यार्थ्याने १९०० साली ब्युनोस आयर्सला आपल्या प्रबंधात हा जीव वर्णन केला, त्याच्या नावावरूनच रायनोस्पोरिडियम सीबेरी. त्याला वाटलं हा एकपेशीय परजीवी आहे. १९०३ साली कलकत्त्यातून ओकिनीली यांनी नाकाच्या पडद्यावरच्या अशाच गाठीची नोंद केली, म्हणजे भारत या गोष्टीत पहिल्यापासून आहे. १९२३ ला ॲशवर्थ यांनी एडिंबरात त्याचं जीवनचक्र सविस्तर मांडलं आणि त्याला बुरशीत टाकलं. मग सगळे बुरशी म्हणत राहिले, पण ही बुरशी कुठल्याच प्रयोगशाळेत बशीत उगवेना. १९९९ च्या सुमाराला जनुकं वाचली तेव्हा कळलं की हा बुरशी नाही, माशांना होणाऱ्या काही परजीवींचा नातेवाईक आहे, प्राणी आणि बुरशी जिथे फुटतात त्या फाट्याजवळ बसणारा. पाण्याशी याचं नातं का, हे मला तेव्हा जरा उमगलं.

बशीत उगवत नाही म्हणून कल्चर रिपोर्टची वाट बघायची नसते, निदान सगळं मायक्रोस्कोपवर. आणि ते निदान इतकं सरळ की विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात दाखवते. बाकी जंतू शोधायला डोळे फोडावे लागतात, हा मात्र साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर, सगळ्यात लहान लेन्सखालीसुद्धा अंगावर येतो. जाड भिंतीच्या गोल पिशव्या, लहान, मध्यम, मोठ्या, आणि मोठीच्या आत बिया खच्चून भरलेल्या, कडेला कोवळ्या आणि मध्ये पिकलेल्या. एखादी फुटताना सापडली तर बिया एका बाजूने बाहेर उसळताना दिसतात. पिकलेली पिशवी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होऊ शकते, म्हणूनच तुम्हाला नुसत्या टॉर्चने ठिपके दिसले. जंतू स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालेले फार थोडे लोक असतात बरं का.

पोरांना लागेल का: माणसाकडून माणसाला लागल्याची पक्की नोंद नाही. ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. पेशंटच्या स्वतःच्याच अंगात मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊ शकतो, म्हणून नाकात बोट घालून तेच डोळ्याला लावणं बंद. नाकाखालोखाल याची आवडती जागा डोळा आहे, पापणीच्या आत किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रूच्या पिशवीत. भावाच्या त्या बाजूच्या डोळ्यातून सारखं पाणी येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

अख्खं गाव आंघोळ करतं मग ह्यालाच का, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. नाकाच्या आतल्या त्वचेला बारीक जखम असेल आणि तिथे पाणी लागलं तर शिरतो असं मानतात. शरीराची प्रतिकारशक्ती, रक्तगट, असं बरंच काही लोकांनी शोधून बघितलंय. १५ ते ४० वयाचे पुरुष जास्त सापडतात, त्यात तलावात बुड्या कोण मारतं हाही भाग असणारच. जनावरांनाही होतो, बैल, घोडे, खेचरं, कुत्री. नव्वदच्या दशकात सर्बियात सिल्व्हर लेक नावाच्या तळ्यात पोहणाऱ्यांमध्ये एकदम साथ आल्यासारखे पेशंट सापडले होते, तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांची तारांबळ उडाली होती.

सावंतवाडीचा_बाबू

हे वाचून मला आता भीती वाटायला लागली. आमी मे महिन्यात गावी व्हाळात, नदीत डुंबतो, पोरं तर दिवसभर पाण्यात. बंद करायचं काय?

मायक्रोस्कोपवाली

नका बंद करू. कोट्यवधी लोक तळ्यात-नदीत उतरतात, त्यातल्या अगदी मोजक्यांना होतो, आणि जास्त धोका साचलेल्या, गुरं उतरतात अशा पाण्याचा. वाहत्या नदीतून बुडी मारून वाळू काढणाऱ्या मजुरांमध्येही जुन्या नोंदी आहेत पण ते दिवसचे दिवस पाण्यात आणि वाळूने नाक खरवडलेलं. मे महिन्याच्या डुंबण्याची त्याच्याशी बरोबरी नाही. पोरांच्या एकाच नाकपुडीतून सारखं रक्त येत असेल तर बघा, एरवी पोहू द्या.

वैनगंगेकडचा

मॅडम, तुम्ही लिहिलेलं भावाला पाठवलं, त्याने उत्तर दिलं "म्हणजे मला मासोळ्यांचा रोग झाला." आम्ही ढीवर, म्हणजे मासेमार समाजाचे, त्यामुळे घरात त्यावर सगळे हसले, बऱ्याच दिवसांनी.

पण खरा प्रश्न आता तिथेच येऊन अडला. डॉक्टरांनी सांगितलंय तलावात उतरायचं नाही. आमची मच्छीमार सोसायटी आहे, मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव) आम्ही ठेक्यावर घेतो, त्यातच शिंगाडा लावतो. भाऊ पाण्यात उतरला नाही तर करणार काय? शिंगाडा तोडायला थंडीच्या दिवसांत छातीइतक्या पाण्यात तासन् तास उभं राहावं लागतं, वेली बाजूला करताना पाणी तोंडा-नाकावर उडतंच. शहरातला माणूस म्हणेल दुसरं काम शोध. पण तिकडे एक तर धान, ती पण दुसऱ्याच्या शेतात रोवणीला चिखलात, नाहीतर तलाव.

तळ्याकाठचा_माणूस

हेच मी डॉक्टरले विचारलं होतं. ते बी म्हणाले होते उतरू नोको. मी म्हटलं साहेब तलाव आमच्या पूर्वजांनी गोंड राजाच्या काळापासून सांभाळले, कोहळी लोकांनी बांधले, आमी त्यात जगलो, आता तुमच्या एका चिठ्ठीनं कसं सोडू. ते हसले पण उत्तर नाई दिलं.

मी काय केलं ते सांगतो. आंघोळ बंद केली तलावात, ते तर घरी होऊन जाते बोअरिंगच्या पाण्यानं. म्हशी धुवायले पोराले नाई, मी बी नाई, पंप लावून काठावर धुतो. जाळं टाकायचं काम डोंग्यातून करतो, बुडी मारायचं काम दुसऱ्याले देतो आणि त्याच्या बदल्यात विकायले बाजारात मी जातो. सोसायटीत बोललो तर लोक ऐकतात भाऊ, कामं वाटून घेता येतात.

ईएनटी_काका

तळ्याकाठच्या भाऊंनी जे लिहिलं ते मी इतक्या वर्षांत कुठल्याही पेशंटला इतकं नीट सांगू शकलो नाही. आम्ही चिठ्ठीवर 'तलावस्नान टाळा' लिहून मोकळे होतो.

थोडी भर घालतो. ऑपरेशननंतर आतली जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे दुर्बिणीतून बघून डॉक्टर भरली म्हणेपर्यंत, पाण्यात अजिबात नाही, या वर्षीचा शिंगाडा त्याच्याविना तोडा. त्यानंतर उतरावंच लागलं तर बुडी नाही, नाकात पाणी ओढायचं नाही, पोहणारे लावतात तो नाकाचा चिमटा शहरातून पाठवून द्या, स्वस्त असतो. बाहेर आल्यावर बोअरच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने तोंड-नाक धुवायचं. यातलं काहीही शंभर टक्के वाचवतं असा दावा मी करणार नाही. नखं बारीक कापलेली, आणि नाकात खपली असेल तर ती खरवडायची नाही, सर्दीने नाक सोललेलं असेल त्या आठवड्यात काठावरचं काम.

आणखी एक, ऑपरेशनच्या आधी विचारायचं राहू नये म्हणून. गाठ नाकामागे, घशाच्या वरच्या भागात पोचली आहे का हे स्कॅनमध्ये बघितलंय का ते विचारा. पोचली असेल तर भुलेच्या वेळी नळी तोंडातून घालतात, घशात पट्टी ठेवतात म्हणजे रक्त आणि तुकडे श्वासनलिकेत उतरत नाहीत. मेडिकल कॉलेजवाल्यांना हे माहीत असतं, त्यांच्या हातून अशी ऑपरेशनं होत असतात. नागपूरला किंवा पुण्याला हलवायची गरज मला दिसत नाही. उलट पुण्यातल्या चकचकीत दवाखान्यापेक्षा तिकडचा रेसिडेंट या गाठीला जास्त ओळखतो. रक्ताची एखादी बाटली तयार ठेवायला सांगतील, नातेवाईकांपैकी एक-दोघं रक्तदानाच्या तयारीने जा. पैशाचं बघायचं असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो त्याला आधी भेटा, भरती झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा.

वैनगंगेकडचा

काका, अपडेट देतो. सिकलची टेस्ट झाली, भाऊ वाहक निघाला, आजार नाही म्हणाले. भूलवाल्या मॅडमला सांगितलंय, त्यांनी पेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. जी-सिक्स-पीडी तिथे होत नाही, बाहेरच्या लॅबला रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. स्कॅनमध्ये गाठ नाकातच आहे, मागे थोडी टेकलीय पण घशात उतरलेली नाही. ऑपरेशन पुढच्या बुधवारी, मी सोमवारी निघतोय.

उजव्या डोळ्यातून पाणी येतं का विचारलं तर म्हणाला येतं कधीकधी, पण ते धुळीने असेल. सांगू का डॉक्टरांना?

मायक्रोस्कोपवाली

सांगाच. बुधवारच्या आधी. पापणी उलटून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि काही असलं तर त्याच भुलेत काम होईल.

तळ्याकाठचा_माणूस

आणि पट्टी काढायच्या आधी दुखण्याची गोळी. लक्षात ठेवजो.